बाबांच्या नाटकाचा व्हिडिओ एचडीत उतरवून घ्यायचाय, तीनदा प्रयत्न फसला

कुळागर

नमस्कार मंडळी. माझं गाव गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईच्याही बरंच आत. माझे बाबा फोंड्याकडच्या एका देवळाच्या जत्रेतल्या संगीत नाटकाला कित्येक वर्षं पेटीची साथ करायचे. गेल्या श्रावणात ते गेले. २०१४ सालच्या काल्याचं पूर्ण नाटक, ३ तास १० मिनिटं, तेव्हाच्या व्हिडिओवाल्याने आपल्या यूट्यूब चॅनेलवर चढवलेलं आहे. बाबा पेटीवर बसलेले नीट दिसतात असा माझ्या माहितीत हा एकच व्हिडिओ. वर्षश्राद्धाला सगळे गावच्या घरी जमतील, तेव्हा तो टीव्हीवर लावायचा आहे. पण घरात रेंज नाही. फणसाखाली जाऊन उभं राहिलं तर एखादी कांडी मिळते, त्यामुळे तिथे ऑनलाइन बघणं शक्यच नाही.

पणजीतल्या भाड्याच्या खोलीवरून तीन प्रयत्न केले. पहिल्यांदा एका साइटवर लिंक टाकली, '१०८०पी' निवडलं, फाइल आली पण चित्र सगळं पुसट. पेटीच्या पट्ट्याही ओळखू येत नाहीत. दुसऱ्यांदा दुसऱ्या साइटवरून घेतली, चित्र झकास, आवाजच नाही. नाटक संगीत आणि फाइल मुकी! तिसऱ्यांदा रात्री लावून झोपले, ९२ टक्क्यांवर करंट गेला. सकाळी पुन्हा चालू केलं तर '४०३ फॉरबिडन'.

माझ्या हातात दीड महिना आहे. कुणी सांगेल का नेमकं काय चुकतंय?

पोफळ

त्या साइटवर 'डाउनलोड' लिहिलेली मोठी हिरवी बटणं दाबली असतील, किंवा सूचना पाठवायची परवानगी दिली असेल, तर आधी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढा. मग उतरलेल्या फायलींचा फोल्डर बघा. व्हिडिओच्या नावाखाली ईएक्सई किंवा एपीके (म्हणजे प्रोग्राम किंवा ॲप बसवणारी फाइल) आलं असेल तर उघडू नका, सरळ पुसून टाका.

कुळागर

एक एपीके आलं होतं, पुसलं. सूचनाही बंद केल्या. दोन दिवस 'फोनमध्ये व्हायरस आहे' असं येत होतं, ते थांबलं. देव बरें करूं.

शामेळ

ताई, तुमच्या तीन अडचणींची कारणं तीन आहेत. एकेक घेतो.

पुसट फाइल. ती कॉम्प्युटरवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा आणि कंट्रोल धरून जे दाबा. कोडेकची, म्हणजे चित्र-आवाज कोणत्या पद्धतीने साठवलाय त्याची, माहिती दिसेल, त्यात चित्राची रुंदी-उंची बघा. १९२० बाय १०८० च्या जागी ६४० बाय ३६० दिसलं तर साइटने नाव एक दिलंय आणि माल दुसरा. तिथे १९२० दिसलं तरी लगेच समाधान मानू नका. ३६० चं चित्र ताणून १०८० करता येतं, फाइल फुगते पण तपशील काही परत येत नाही. खरी खूण बिटरेटमध्ये सापडते, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती साठवली आहे त्यात.

हिशोब सोपा आहे. मेगाबिटमधला बिटरेट गुणिले सेकंद, भागिले ८, की मेगाबाइट मिळतात. तुमचं नाटक ३ तास १० मिनिटांचं, म्हणजे ११,४०० सेकंद. १०८०पीला अडीच मेगाबिट धरले तर साधारण साडेतीन जीबी होतात. तुमची पुसट फाइल किती मोठी आहे?

मुकी फाइल. यूट्यूब १०८०पी आणि त्यावरची चित्रं आवाजापासून वेगळी ठेवतं. बघताना तुमचं नेट जसं कमीजास्त होतं तसं प्लेअर चित्राचे तुकडे हलक्या किंवा भारी दर्जाचे उचलतो, आवाज मात्र आपल्या वाटेने येत राहतो. ही सोय बघणाऱ्याच्या फायद्याची आहे. उतरवणाऱ्याला मात्र दोन्ही आणून जोडावे लागतात, आणि तुमच्या साइटने फक्त चित्र आणून दिलं. चित्र आणि आवाज एकत्र असलेली तयार फाइल मिळते ती बहुतेक ३६०पीची. म्हणून अशा साइटांवर एक तर पुसट मिळतं, नाही तर मुकं.

४०३. व्हिडिओची खरी लिंक कायमची नसते. तिच्यात मुदत लिहिलेली असते, काही तासांची, आणि ती ज्या आयपी पत्त्याला, म्हणजे तुमच्या नेट जोडणीच्या नंबरला, दिली त्यालाच चालते. करंट गेला, राउटर बंद पडून चालू झाला, तुम्हाला नवा आयपी मिळाला, रात्रही उलटली. जुनी लिंक मग तुम्हाला दारातच अडवणार. फाइल खराब झालेली नाही, परवाना संपलाय.

मांडवीपार

शामेळभाऊंनी कारणं नेमकी सांगितली. पण पुढचा उपाय सांगण्याआधी एक विचारतो. चॅनेल कुणाचं आहे? यूट्यूबच्या अटींप्रमाणे त्यांनी दिलेलं डाउनलोडचं बटण सोडून दुसऱ्या मार्गाने व्हिडिओ उतरवायचा तर परवानगी लागते. तुमचा हेतू घरचा आहे हे मला कळतं, आणि बाबांची पेटी त्यात आहे म्हणून माझंही मन तुमच्याच बाजूने आहे. पण ते चित्रीकरण कुणीतरी रात्रभर उभं राहून केलंय. त्या माणसाला एकदा विचारा. आपल्याकडे तीन माणसं मध्ये घातली की कुणीही सापडतो.

कुळागर

पुसट फाइल ६१० एमबी आहे. व्हीएलसीत ६४० बाय ३६० च दिसतं.

मांडवीपारदादा, तुमचं पटलं. चॅनेल त्या व्हिडिओवाल्याचंच. ते आता परदेशी असतात असं ऐकलंय. मी नाटकमंडळात चौकशी करते. तोवर एक विचारते, यूट्यूबच्या ॲपमधलंच डाउनलोड केलं तर?

तिस्क_फोंडा

ते फोनच्या आतच राहतं. पेन ड्राइव्हवर घेता येत नाही, दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडत नाही, आणि मध्येमध्ये फोनला नेट दाखवावं लागतं, नाही तर बंद होतं. प्रीमियम घेतलं तरी तेच. प्रवासात बघायला चांगलं आहे. तुमच्या टीव्हीला उपयोग नाही.

दिवजां

कुळागर, तुझी गोष्ट वाचून गलबलून आलं गो. माझ्याकडून एक सांगते, सगळ्यांच्याच कामाचं. कोविडच्या काळात आमच्या देवळाची पालखी, चवथीतल्या घुमटआरत्या (घुमट हे वाद्य वाजवत म्हणतात त्या), भजनी सप्ताह, सगळं फेसबुक लाइव्हवर व्हायचं. फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकने नियम बदलला. नवं लाइव्ह ३० दिवसच राहतं, मग पुसलं जातं. जुन्या लाइव्हसाठी पानाच्या मालकाला सूचना येते आणि उतरवून घ्यायला ९० दिवस मिळतात.

आमच्या समितीतल्या एका मुलाच्या लक्षात आलं. त्याने पानाचा ॲडमिन म्हणून आत जाऊन सगळं उतरवलं. त्यात एका आजोबांचं शामेळ, म्हणजे घुमटाच्या जोडीने वाजवतात ते वाद्य, आहे. ते आता हयात नाहीत, आणि तसा हात पुन्हा ऐकायला मिळायचा नाही. ज्यांच्या गावच्या देवस्थानाचं फेसबुक पान आहे त्यांनी आजच ॲडमिन कोण ते शोधा. पुष्कळ ठिकाणी ॲडमिन लग्न होऊन दुसरीकडे गेलेली मुलगी किंवा बोटीवर असलेला मुलगा असतो, आणि सूचना त्याच्याकडे जाऊन पडून राहते.

पोफळ

आमचा ॲडमिन खरोखरच बोटीवर आहे. लगेच फोन लावतो.

कुळागर

मंडळी, माणूस सापडला! मंडळाच्या तबलजींकडे नंबर होता. व्हॉट्सॲपवर लिहिलं, रात्री त्यांचाच फोन आला. बाबांची आठवण काढून बराच वेळ बोलत होते. म्हणाले, खुशाल घे, मीच काढून देतो. त्यांनी यूट्यूब स्टुडिओतून, म्हणजे चॅनेलच्या मालकाच्या पानावरून, फाइल काढली आणि व्हॉट्सॲपने तुकडे करून पाठवली. पण हे तुकडे तर त्या पहिल्या फाइलपेक्षाही वाईट दिसतात.

शामेळ

दोन गाळण्या लागल्या. स्टुडिओतून मालकालाही बहुतेक ७२०पीच मिळतं. आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते पुन्हा दाबून लहान करतं. निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर आहे तसं जातं. त्यांना गूगल ड्राइव्हवर टाकायला सांगा.

त्याहून चांगली वाट गूगल टेकआउटची, म्हणजे आपल्या खात्यातला माल उतरवून घ्यायच्या गूगलच्या सोयीची. त्यांनी स्वतःच्या खात्यातून टेकआउट उघडायचं, सगळ्यावरची खूण काढून फक्त यूट्यूब ठेवायचं, त्यातही फक्त व्हिडिओ. चॅनेल मोठं असेल तर बोजा मोठा, म्हणून दोन जीबीचे किंवा जास्त मोठे गठ्ठे निवडता येतात. मेलवर लिंक येते आणि ती आठवडाभरच चालते, तेव्हा आळस नको.

पण मी तुमच्या जागी असतो तर याच्याही मागे गेलो असतो. यूट्यूबवर जे आहे ते आधीच दाबलेलं आहे. व्हिडिओवाल्याने कॅमेऱ्यातून काढलं, एडिट करताना एकदा दाबलं, चढवताना यूट्यूबने पुन्हा दाबलं. दर वेळी आधी जातो तो बारीक तपशील, म्हणजे नेमक्या पेटीवरच्या बोटांच्या हालचाली, आणि पडद्यामागच्या काळोखातले चेहरे. २०१४ साली जत्रेत वापरायचे ते कॅमेरे बहुधा एव्हीसीएचडी या रेकॉर्डिंग पद्धतीचे. त्यांच्या मूळ फायली एमटीएस नावाच्या असतात आणि त्यांचा बिटरेट १७ ते २४ मेगाबिट असतो. यूट्यूबवरच्या १०८०पीपेक्षा कितीतरी पट. त्यांना फक्त एवढंच विचारा: कॅमेऱ्याच्या मूळ फायली कुठे आहेत?

मांडवीपार

अगदी. ऑनलाइन एचडी म्हणून आपण ज्याच्या मागे धावतो ती प्रतीची प्रत असते. मूळ कुठेतरी कपाटात पडलेलं असतं, आणि त्याची विचारपूस कुणीच करत नाही.

कुळागर

विचारलं. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "फोंड्याच्या घरी भावाकडे एक हार्ड डिस्क आहे, काळी, तिच्यावर २०१४ लिहिलंय." काल रविवारी गेले होते. भावाने माळ्यावरून काढून दिली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, आत तांदळाची पुरचुंडी. त्यांच्या आईने ठेवली होती, पावसाची ओल लागू नये म्हणून.

पण लॅपटॉपला लावली तर काहीच होत नाही. ना दिवा, ना आवाज. मेली का?

शामेळ

घाबरू नका. आकाराने किती आहे? साडेतीन इंची, जाडजूड, पुस्तकाएवढी असेल तर तिला यूएसबीतून पुरेशी वीज मिळत नाही. १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. मागे गोल भोक असेल बघा. व्होल्ट आणि पिनची ध्रुवता डिस्कच्या मागे छापलेली असते, ती जुळवूनच अडॅप्टर घ्या. लॅपटॉपचा चार्जर बसतो म्हणून लावू नका, तो बहुतेक १९ व्होल्टचा असतो, डिस्क जळेल.

फिरायला लागली की पहिलं काम फक्त कॉपी. तिच्यावरून थेट व्हिडिओ बघायचा नाही, पुढेमागे करायचं नाही. इतकी वर्षं पडलेली डिस्क आहे, जे काही तिच्यात उरलंय ते आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. टक् टक् असा आवाज सुरू झाला तर लगेच बंद करा आणि इथे लिहा.

कुळागर

भोक होतं! फोंड्याला तिस्कावर एका दुकानात जुना अडॅप्टर मिळाला. डिस्क फिरली. 'कालो' नावाचा फोल्डर सापडला, त्यात तेरा एमटीएस फायली, मिळून २४ जीबी. सगळ्या कॉपी झाल्या, एकही अडली नाही. कॉपी होईपर्यंत तिथेच पाट टाकून बसून होते.

एकेक फाइल दोन जीबीला तुटलेली आहे. मी एडिटिंगच्या ॲपमध्ये एकापुढे एक लावल्या, तर जोडावर आवाज क्षणभर तुटतो. एक जोड नेमका नांदीत येतो, तान अर्ध्यात कापली जाते. आणि बाबांचा हात जलद फिरतो तिथे बोटांवर आडव्या फणीसारख्या रेघा दिसतात. फाइल खराब झाली का?

शामेळ

दोन्ही ठीक आहे, फाइल उत्तम आहे.

कॅमेरा रेकॉर्डिंग थांबवत नाही, फक्त दोन जीबी झाले की नवी फाइल उघडतो. कार्डाच्या फॉरमॅटला फार मोठी फाइल झेपत नाही म्हणून. कापतो तो कुठेही, तानेच्या मध्येसुद्धा. म्हणून या फायली स्वतंत्र क्लिप म्हणून जोडल्या की जोडावर आवाजाचा शेवटचा तुकडा हरवतो. त्या आधी जशाच्या तशा एकमेकींना चिकटवायला हव्यात, काहीही न बदलता. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कॉपीच्या आज्ञेत बायनरीचा पर्याय देऊन आणि नावांमध्ये अधिकचं चिन्ह घालून ते होतं. फायलींचा क्रम मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. हे केलं की तान परत जोडली जाईल, कारण ती कधी तुटलेलीच नव्हती.

मध्यंतरात कॅमेरा खरोखर बंद केला असेल तिथे मात्र चिकटवू नका. अंकागणिक वेगळा गठ्ठा करा.

रेघांचं सांगतो. त्या काळचे कॅमेरे १०८०आय मध्ये टिपायचे. एका फ्रेममध्ये आडव्या ओळी एकाआड एक, दोन वेगळ्या क्षणांच्या असतात. स्थिर माणूस ठीक दिसतो, हात हलला की फणी दिसते. व्हीएलसीत डीइंटरलेस (या ओळी वेगळ्या करायची सोय) चालू करा, रेघा जातील. कायमचं करायचं तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्राममध्ये डीइंटरलेसला 'बॉब' हा पर्याय निवडा, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम मिळतात. हे मी आग्रहाने सांगतो, कारण ५० चे २५ केले तर पेटीवरच्या जलद बोटांची अर्धी हालचाल आपणच फेकून देतो.

कुळागर

शामेळदादा, नांदी अखंड ऐकली. मला पुढे लिहवत नाहीये, उद्या येते.

तिस्क_फोंडा

टीव्हीचं काय ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे गावी गेल्यावर धावपळ नको. जुन्या टीव्हीला व्हीपी९, एव्ही१ या चित्र साठवायच्या नव्या पद्धती झेपत नाहीत. आवाज ओपस पद्धतीचा असेल तर चित्र चालतं आणि आवाज येत नाही, पुष्कळांना तीच अडचण असते. एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी, एवढं ठेवा. फाइलचं नाव लहान आणि इंग्रजी अक्षरांत द्या. देवनागरी नाव काही टीव्हींवर चौकोन चौकोन दिसतं, मग कोणता अंक कोणता तेच कळत नाही.

पेन ड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यावर जात नाही, जागा रिकामी असली तरी. एक्सफॅट केला तर मोठी फाइल जाते, पण जुना टीव्ही तो वाचेल याची खात्री नाही.

शामेळ

आठ मेगाबिटने केलं तर पूर्ण नाटक ११.४ जीबीचं होईल. तीन अंकी आहे का? मग प्रत्येक अंक साधारण ३.८ जीबी, फॅट३२ वर नीट बसेल.

कुळागर

तीन अंकीच आहे. अंक जवळजवळ सारख्या लांबीचे आहेत. पहिला थोडा मोठा आहे, त्याला सात मेगाबिट दिले. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला होता. या वेळी इन्व्हर्टरवर.

मूळ २४ जीबीच्या तीन प्रती केल्या. एक माझ्याकडे, एक मंडळाच्या पेटीत, एक व्हिडिओवाल्यांच्या आईंकडे परत, नव्या डिस्कवर. जुनी डिस्कही त्यांनाच दिली. मंडळाला आणि व्हिडिओवाल्यांना विचारूनच मी हे घरी लावणार आहे. दुसरीकडे कुठे चढवणार नाही.

मांडवीपार

फार चांगलं केलंत. मंडळाकडच्या प्रतीवर साल, देऊळ, कलाकार आणि साथीदारांची नावं लिहिलेला कागद चिकटवा. नटांची नावं लोकांना आठवतात, पेटी आणि तबल्यावर कोण होतं हे दहा वर्षांनी कुणी सांगू शकत नाही.

दिवजां

आमच्या आरत्यांच्या फायलींवर मीही आजच लिहायला घेते. घुमटावर कोण, कासाळ्यावर कोण, सगळं.

पोफळ

आमचा बोटीवरचा ॲडमिन मिळाला. सूचना येऊन पडली होती, अजून दिवस शिल्लक आहेत. दुबईत बोट लागली की उतरवतो म्हणाला.

कुळागर

गावाहून लिहिते आहे, फणसाखालून, म्हणून थोडक्यात. काल दुपारी जेवणं झाल्यावर टीव्ही ओसरीवर आणला. पेन ड्राइव्ह पहिल्या झटक्यात चालला, आवाजासकट. आमची आत्या, ८१ वर्षांची, पहिल्या पदापासून हाताने ताल धरून होती. दुसऱ्या अंकात एका पदानंतर गाणारे नट बाबांकडे वळून मान डोलावतात आणि बाबा हसून खाली बघतात. यूट्यूबवर मी हा व्हिडिओ कितीतरी वेळा पाहिला होता, पण हे हसू त्यात कधी दिसलं नव्हतं. तिथे नुसता एक फिकट डाग होता.

संध्याकाळी पाऊस आला, करंट गेला. तिसरा अंक आज लावणार आहोत. शेजारच्या वाड्यावरची माणसंही येतो म्हणालीत.